बोहल्यावर काळं नको

२ मार्च

आज शुभंकर मंगल कार्यालयाचं वातानुकूलन सुरू झालं. साताऱ्यात एसीचे हॉल आधी नव्हते असं नाही, पण तिथे नुसते भिंतीला डबे टांगलेले. आमचं तसं नाही. आमच्या गच्चीवर मोठं यंत्र आहे, ते पाणी गार करतं, आणि ते गार पाणी पाइपांतून सगळ्या हॉलच्या छताखाली फिरतं. जिल्हा परिषदेत मी एकतीस वर्षं करकरणाऱ्या पंख्याखाली बसून फायलींवर घाम गाळला. निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या लग्नात तरी कुणाला घाम येऊ द्यायचा नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं.

पाइप उघडेच दिसतात. आर्किटेक्ट म्हणाला, हल्ली छत झाकत नाहीत, तशी फॅशन आहे. पाइपांवर काळ्या रबरी फोमच्या जाड नळ्या चढवल्या आहेत. सईने कंत्राटदाराला फोन करून तेवढं मात्र बजावून सांगितलं होतं. सई आमची एकुलती मुलगी, मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्याला एसीच्या कंपनीत आहे. नेमकं काम काय करते ते मला सांगता येणार नाही, पण कंपनी चांगली असावी. दिवाळीला ड्रायफ्रूट देतात.

व्यवस्थापक म्हणून हरिबाला नेमलं आहे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. यंत्र सुरू झाल्यावर त्याने यंत्राला सॅल्यूट ठोकला. मला वाटलं मलाच ठोकला, म्हणून मीही मान हलवली.

९ मार्च

सांगलीची मंडळी येऊन गेली. गजाननराव हळदीचे मोठे व्यापारी, मुलगा निमिष त्यांच्याच पेढीवर असतो. सईला त्यांनी गेल्या महिन्यात पसंत केलंच होतं, आज हॉल पसंत करायला आले होते. लग्न इथेच करायचं, म्हणजे मुलीच्या लग्नाचं लग्न आणि कार्यालयाची जाहिरातही.

गजाननरावांच्या थोरल्या बहिणीला सगळे आत्याबाई म्हणतात. घरात अखेरचा शब्द त्यांचा. त्या दारातून आत आल्या, वर पाहिलं आणि तिथेच थबकल्या.

"बोहल्याच्या डोक्यावर हे काळं काय लटकवलंय?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते आलं होतं. लग्नात काळी पिन चालत नाही, आणि इथे अक्षता पडायच्या जागेवर हे काळे अजगर. सई म्हणाली, "आत्या, ते पाइपचं पांघरूण आहे. ते काढलं तर पाणी ठिबकेल. काळं दिसायला नको असेल तर वरून पांढरं आवरण घालता येतं."

"पाइपला पांघरूण?" गजाननराव म्हणाले. "थंडी वाजते का त्याला?"

सगळे हसले. मीही हसलो. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. "वरून पांढरं घातलं तरी आत काळंच की."

सई वाकून चहाचे कप गोळा करायला लागली.

जाताना गजाननराव म्हणाले, आमच्याकडे सुनेला नोकरीची गरज पडत नाही, पेढी घरचीच आहे. किती मोठं मन. रात्री जेवताना सईला विचारलं, काय मग? म्हणाली, "बघू." म्हणजे होकारच. विनोदिनी, आमची ही, म्हणाली, "तिला नीट विचारा तरी." आता याहून नीट काय विचारायचं?

१२ मार्च

काळं काढलं. हरिबाने दोन माणसं लावून सुरीने उभं कापून उतरवलं. मग पाइपांना हळदी पिवळा रंग आणि मधे मधे कुंकवाचे पट्टे. हॉल असा खुलला की मीच दोन वेळा आत-बाहेर करून पाहिला.

यंत्र दुपारभर चालवलं. पाइपांना जरा दमटपणा आला, हरिबाने फडक्याने पुसला. एवढंसं ते, आणि सईने केवढा बाऊ केला होता. तिला मुद्दाम फोन करून सांगितलं.

"काढलंत?" ती म्हणाली. "बाबा, मार्चची हवा कोरडी आहे आणि हॉल रिकामा आहे. माणसं येऊ द्यात."

"माणसं यावीत म्हणूनच हॉल बांधलाय," मी म्हणालो. बिनतोड उत्तर होतं.

२० एप्रिल

पहिलं लग्न. कोरेगाव तालुक्यातलं फौजी घराणं, माणूसच माणूस. बाहेर ऊन रणरणत होतं आणि लोक आत आले की "आहाहा" म्हणायचे. मी दाराशी उभा राहून ते ऐकत होतो.

पंगत बसली आणि वरून थेंब सुरू झाले. पहिला कुणाच्या तरी मठ्ठ्यात पडला, तो कळला नाही. दुसरा नवरीच्या मामांच्या टकलावर पडला. मामा म्हणजे निवृत्त सुभेदार जोतिबा. त्यांनी जिलबी खाली ठेवली आणि थेट मला हाक मारली.

"आवं मालक, छत गळतंय व्हय? भाईर तर ऊन मी म्हणतंय!"

"छत नवीन आहे, सुभेदारसाहेब."

"मग ह्ये वरनं द्येव शिपडतोय काय? आमी सियाचिनला बर्फात बसून जेवलोय, पर ताटात पानी न्हवतं पडलं कवा!"

सगळी पंगत हसली. पुढे तर रांगाच्या रांगा ठिबकायला लागल्या. बायका पदर डोक्यावर घेऊन जेवल्या. त्यामुळे वातावरण फार सोज्वळ वाटत होतं, पण कारण वेगळं होतं. शेवटी यंत्र बंद केलं, आणि सातशे माणसं आणि भाताच्या वाफा यांनी हॉलची भट्टी झाली.

२१ एप्रिल

प्लंबर आणला. त्याने एकूण एक जोड तपासला, पाइपात हवेचा दाब भरून पाहिला. गळती कुठेच नाही. माझा त्याच्यावर विश्वास नाही. गळती नाही आणि पाणी पडतंय, याला काय अर्थ आहे?

हरिबाचं डोकं मात्र चाललं. "सायेब, दुस्मन वरनं येतोय, तर आपन खालनं मोर्चा बांधू." जिथे जिथे थेंब पडतात तिथे त्याने बादल्या मांडल्या. बऱ्या दिसाव्यात म्हणून मी त्यांना झेंडूच्या माळा घालायला लावल्या.

२४ एप्रिल

मुंज झाली. एका आजीबाईंनी बादलीला नमस्कार करून आत आहेराचं पाकीट सोडलं. ते वाळवून बटूच्या बापाला द्यावं लागलं.

२७ एप्रिल

सई आली आहे. तिने फ्रिजमधलं पाणी एका तांब्यात ओतलं आणि तांब्या टेबलावर ठेवला. थोड्या वेळात तांब्याच्या बाहेरून थेंब जमले.

"तांब्या गळतोय का, बाबा?"

"तांब्या कशाला गळेल?"

"मग हे पाणी कुठलं?"

मी विचारात पडलो. साठ वर्षं तांब्याने पाणी पितोय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, हे हवेतलं पाणी आहे. गार वस्तूला लागली की हवा पाणी सोडते. हॉलमध्ये सातशे माणसांचे श्वास, भाताची वाफ, चहाची वाफ, हे सगळं जाऊन गार पाइपवर बसतं. फोम असला की हवा गार पाइपापर्यंत पोचतच नाही, मग पाणी सोडणार कुठे? मग तिने गार पाण्याच्या दुसऱ्या तांब्याभोवती त्या काढून टाकलेल्या फोमचा तुकडा घट्ट गुंडाळला. फोम बाहेरून कोरडाच राहिला. बोट फिरवून पाहिलं.

मला पटलं. इथे लिहायला हरकत नाही, पूर्ण पटलं. पण पटणं वेगळं आणि आत्याबाई वेगळ्या.

"तुला हे सगळं इतकं कसं माहीत?" मी कौतुकाने विचारलं. विनोदिनीने हातातली पळी खाली ठेवली. "सहा वर्षं ती हेच करते."

कवठे महांकाळला बेदाण्याचं मोठं शीतगृह आहे, तिथलं सगळं काम म्हणे सईकडे आहे. पाणी ठिबकलं तर बेदाणा काळा पडतो, म्हणून तिथेही पाइपांना हेच काळं गुंडाळतात. मी तिला सांगितलं, बेदाण्याचं लग्न लागत नसतं. ती हसली नाही. हल्ली ती फारशी हसत नाही. लग्न जवळ आलं की मुली गंभीर होतात.

३ मे

उदयसिंहाच्या रंगाच्या दुकानात गेलो होतो. त्याने एक नवीन रंग दाखवला, थेंबरोधक. "काका, ह्यो रंग थेंब पिऊन टाकतोय. खाली काय सोडतच न्हाई." कुठल्याही छटेत मिळतो. मी पुन्हा हळदी पिवळा घेतला. विज्ञानही राहिलं आणि आत्याबाईही राहिल्या.

सईला फोन केला. "पितो, पण थोडंच," ती म्हणाली. "बाथरूमच्या भिंतीला ठीक आहे. इतक्या गार पाइपवर त्याचं पोट लगेच भरेल, मग एकदम सोडेल. निदान साखरपुड्याला पाणी फार गार ठेवू नका."

या मुलीचा स्वभाव जरा नकारात्मक होत चाललाय.

११ मे

सईचा साखरपुडा झाला.

सकाळी हरिबाला सांगितलं, आज यंत्र पूर्ण जोरात ठेव, सांगलीकरांना स्वेटर आठवला पाहिजे. पाचशे माणसं आली. बोहल्यावर सई आणि निमिष शेजारी शेजारी बसले. आत्याबाईंनी वर पाहिलं, पिवळे पाइप बघून समाधानाने मान हलवली. निमिषच्या कपाळी कुंकू लावलं. गुरुजींनी अंगठीचं तबक पुढे केलं.

आणि त्याच वेळी रंगाचं पोट भरलं.

एक थेंब नव्हे, अख्खी ओळ सुटली. बोहल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. निमिषच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं, नाकावरून खाली आलं आणि पांढऱ्या झब्ब्यावर लाल रेघ उतरली. कुठलंसं पोर ओरडलं, "रक्त!" बायका किंचाळल्या. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"मुलगी पाटावर बसली आणि डोक्यावर पाणी फुटलं! बाहेर ढग नाही, पाऊस नाही! हा मुलीचा पायगुण आहे. उद्या आमच्या घरात काय होईल?"

गजाननरावांनी माझ्याकडे पाहिलं. "मधुसूदनराव, पत्रिकेतलं काही लपवलंत का आमच्यापासून?"

उत्तर मला माहीत होतं. एका वाक्याचं उत्तर होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण ते द्यायचं म्हणजे पाचशे माणसांसमोर सांगायचं की मुलगी सांगत होती आणि मी ऐकलं नाही, आणि काळं काढा असं सुचवलं ते तुमच्याच बहिणीने. हे ऐकून व्याही काय म्हणाले असते? हॉलचं नाव काय झालं असतं?

मी म्हणालो, "तसं काही असेल तर शांती करून घेऊ."

सईने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते लिहिता येत नाही. मग तिने रुमाल काढून निमिषचं नाक पुसलं, दोन्ही पाट ओढून दोन हात पुढे घेतले आणि पुन्हा बसली. तिथे एकही थेंब पडत नव्हता. अंगठ्या झाल्या.

१२ मे

रात्रभर विचार केला. मी जे केलं ते बरोबरच होतं. प्रसंगावधान म्हणतात ते हेच. एक शब्द इकडेतिकडे झाला असता तर लग्न तिथेच मोडलं असतं.

विनोदिनी बोलत नाही. चहा दिला, त्यात साखर नव्हती. चूक झाली असेल.

१४ मे

गजाननरावांचा फोन. शांती बोहल्यावरच करायची, संकल्प मुलीच्या नावाने सोडायचा, तिने स्वतः बसायचं. मग पुढचं बोलू. मी वीस तारीख ठरवली आणि सईला कळवलं.

"संकल्प कशाचा, बाबा? पाइपचा का माझा?"

मी म्हटलं, तू एवढं लांबण लावू नकोस, दोन तासांचा प्रश्न आहे. ती बरं म्हणाली. "वीसला येते मी." समजूतदार मुलगी आहे.

१७ मे

मंडईत गेलो होतो. भाजीवाली बनुबाई मेथी बांधता बांधता म्हणाली, "आवं मधुआण्णा, सईताईला दोस निघाला म्हनं? अगुदर कळलं न्हवतं व्हय तुमास्नी? पोरगी दिसायला तर लय गुनाची." मी मेथी तिथेच ठेवून आलो. कोपऱ्यावर दोन ओळखीचे भेटले, तेही हळू आवाजात विचारत होते. हळू आवाजात विचारलेलं जास्त लागतं.

२० मे

गुरुजी वेळेवर आले. बोहल्यावर होमकुंडाऐवजी बांबूची परांची उभी होती. सई लोणंदहून तीन कामगार आणि टेम्पोभर काळा फोम घेऊन भल्या सकाळीच आली होती. हरिबा परांचीखाली ताठ उभा, जणू त्याची बटालियन बदलली आहे.

"हे काय चाललंय? आज शांती आहे," मी म्हणालो.

"माहितेय. म्हणून तर आज हॉल रिकामा आहे." मग ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, फोम चिकटवायचा हा डिंक लगेच पेट घेतो. याच्या वाफेत होम पेटवलात तर आपण सगळेच स्वाहा."

गुरुजींनी डबे पाहिले, वास घेतला. "मला वाईला आणखी एक मुंज आहेच," म्हणाले आणि नारळ घेऊन निघाले. इतका मोकळा झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मी दिवसभर तिथेच बसून राहिलो. त्यांनी पाइप खरवडून कोरडे केले, फोमच्या नळ्या चढवल्या, प्रत्येक जोड डिंकाने आणि पट्टीने बंद केला. पाइप जिथे लोखंडी पकडीत बसतो तिथे मधे लाकडी ठोकळे घातले, नाहीतर तेवढ्या जागेतून ठिबकतं म्हणे. सई परांचीवर चढून एकेका जोडावरून बोट फिरवत होती. एक जोड तिने तीन वेळा काढायला लावला. वरून पांढरं कापड आणि पांढरा रंग. संध्याकाळी पाइप असे दिसत होते की आत काळं आहे हे कुणाच्या बापाला कळणार नाही.

साडेसात वाजता गजाननरावांचा फोन. "झालं का?"

"झालं. सगळं अगदी नीट झालं."

मी शांती हा शब्द उच्चारला नाही. नोकरीत असताना विधानसभेच्या तारांकित प्रश्नांना मी अशीच उत्तरं तयार करून दिलेली आहेत.

२१ मे

निमिष एकटाच सांगलीहून आला. सई आणि तो हॉलमध्ये पाइपांखाली बराच वेळ बोलत बसले होते. मुलं एकमेकांना समजून घेतायत, बघून बरं वाटलं. निघताना सईने त्याच्या हातात एक छोटी डबी ठेवली, काहीतरी भेट असावी. दोघांनी चक्क हस्तांदोलन केलं. विनोदिनीने त्याला कॉफी दिली आणि पाठीवरून हात फिरवला. जाताना त्याचे डोळे लाल होते. त्या डिंकाचा वास अजून जात नाही.

२६ मे

आज हॉलमध्ये लग्न होतं आणि पाहुण्यांत आत्याबाई होत्या, नवरदेवाच्या लांबच्या नात्यातल्या. सहाशे माणसं, मसालेभात, यंत्र जोरात. एक थेंब पडला नाही. मी वर बघून बघून मान अवघडून घेतली.

आत्याबाई जेवण होईपर्यंत वरच बघत होत्या. मग उठून मोठ्याने म्हणाल्या, "बघा, शांतीचा गुण! दोष निघाला मुलीचा." आणि ही बातमी त्यांनी प्रत्येक पंगतीत जाऊन वाढली.

मी आनंदाने घरी आलो. रात्री मात्र झोप लागेना. शांतीने दोष गेला, म्हणजे दोष होता. शांती झालेली नसताना गेला, तरी होताच. कुठूनही मोजलं तरी तो सईच्याच नावावर निघतो.

१ जून

सईच्या बोटात अंगठी दिसत नाही. कामात अडकत असेल म्हणून काढली असावी. शहाणी आहे. आज विनोदिनी तिच्याशी दार लावून बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली कांदा. हातात कांदा नव्हता.

८ जून

सांगलीला जाऊन आलो. काढीव मुहूर्त का होईना, तारीख पक्की करायला गजाननरावांनी बोलावलं होतं. सई म्हणाली, मला कवठे महांकाळला जायचंय. विनोदिनी म्हणाली, "आपण दोघं जाऊ. तुम्ही बोला." मी म्हटलं, मी नाही तर कोण बोलणार? ती म्हणाली, "तेच बघायचंय."

त्यांच्या दिवाणखान्यात वीसेक नातेवाईक बसले होते. निमिष कोपऱ्यात. पोहे झाले, चहा झाला. मग गजाननराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलीत दोष होता, पण तो आता निघालाय. तरी गृहप्रवेशाच्या आधी एक छोटा विधी आम्ही इकडे करून घेऊ. आणि ते लोखंडाचं, गारठ्याचं काम तिने आता सोडावं. त्यातूनच लागलं असेल काही."

आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मात्र खरे, हो. मुलीचा दोष भर सभेत कबूल केलात. दुसरा बाप असता तर झाकला असता."

हे कौतुक मला नको होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. आणि बोललो. फार चांगलं बोललो नाही, मधे अडखळलोही. म्हणालो, शांती झालीच नाही. गुरुजी नारळ घेऊन वाईला गेले. ते पाणी हवेतलं होतं, गार पाइपावर जमतं, तुमच्या तांब्यावर जमतं तेच. त्यावर पांघरूण होतं, ते काळं म्हणून आत्याबाईंनी नको म्हटलं आणि मी काढलं. सईने दोनदा नको म्हणून सांगितलं होतं. तिनेच परत बसवलं. आत अजून काळंच आहे. माझ्या मुलीत कसलाही दोष नाही.

गजाननराव म्हणाले, "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

मी खाली ठेवलेला रिकामा कप पुन्हा उचलला.

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. गजाननराव म्हणाले, आमच्या बहिणीचा आमच्याच घरात अपमान करणाऱ्यांशी सोयरीक नको. आम्ही उठलो. निमिष गाडीपर्यंत आला, वाकून पाया पडला. "काका, बरं झालं बोललात. मला इतके दिवस जमलं नाही." त्याला काय जमलं नाही ते मी विचारलं नाही. मी लग्न मोडलं होतं, मुलीचं, माझ्या तोंडाने. कराड येईपर्यंत माझे हात गार होते. विनोदिनीने एक हात धरून ठेवला होता.

९ जून

सई सकाळी आली. समोर बसून पोहे खात होती. मी सगळं सांगितलं, शेवटी म्हणालो, माफ कर, माझ्यामुळे तुझं लग्न मोडलं.

"मोडलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "निमिषने आणि मी ते एकवीस मेलाच मोडलं. त्या डबीत अंगठी होती. तो घरी सांगायला घाबरत होता, म्हणून मी त्याला थोडे दिवस दिले होते."

"आणि मला?"

"आई म्हणाली थांब. त्यांना एकदा बोलू दे."

मी विनोदिनीकडे पाहिलं. ती लिंबू चिरत होती आणि वर बघत नव्हती. मला राग यायला हवा होता. व्याह्यांच्या वीस माणसांसमोर मी घाम फुटेपर्यंत बोललो, आणि मोडण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे मी बोललो काय, न बोललो काय, काहीच फरक पडला नसता," मी म्हणालो.

"लग्नाला पडला नसता," सई म्हणाली.

मला रडू आलं. तिने पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिची साडेनऊची एसटी होती, ती गेली, तरी ती उठली नाही.